डावीकडचा हात

दादाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. घरात माणसं येतात, बसतात, पाणी पितात आणि उठता उठता हळूच विचारतात, त्याच्या डोक्याला करंट लावायचे ना हो, त्यानंच झालं का? काल तर एका लांबच्या आत्याने वहिनीच्या तोंडावर विचारलं. वहिनी आत निघून गेली. मी तिच्या मागं गेले. म्हणून हे मोबाईलवर लिहितेय, सगळ्यांना एकदाच. माझी शाळा चौथीपर्यंत. बोलते तसं लिहिणार.

दादा छापखान्यात कटिंग मशीनवर होता, एकतीस वर्षं. मी त्याच खात्यात घडीकामाला आहे, राहते पण दादा-वहिनीकडंच. म्हणजे छापलेले मोठे कागद येतात, त्यांच्या घड्या घालायच्या, घड्यांची गड्डी करायची, गड्डी टेबलावर दोनदा ठोकून कडा सरळ करायच्या आणि दादाकडं द्यायची. तो कापणार. त्याला सगळे काटकोन म्हणायचे. कापलेली कड केसाएवढी जरी तिरकी गेली तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. घरी सुद्धा टेबलावर पेपर वाकडा पडला असला तर जाता जाता सरळ करून जाणार. वहिनी म्हणायची, "मी वाकडी झोपले तरी सरळ करतील मला."

ज्यांनी कटिंग मशीन बघितलं नाही त्यांना सांगते. लोखंडी टेबल असतं, वरून हातभर लांबीचं पातं उतरतं. पाचशे कागदांची गड्डी काकडीसारखी कापतं. दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली यायला पाहिजे, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण आमच्याकडं डावं बटण मालकांच्या वडिलांच्या काळापासून तारेने दाबून बांधलेलं. एका हाताने काम भराभर होतं ना, म्हणून. दादाच्या आधीचा जो कटिंगवाला होता त्याच्या डाव्या हाताला अडीच बोटं होती. तो चहाचा कप उचलायचा तेव्हा आम्ही बायका दुसरीकडं बघायचो.

म्हणून आमच्या खात्यात एक रीत आहे. गड्डी देणारा डावीकडं उभा राहतो. गड्डी पात्याखाली सरकवायची, हात बाहेर काढायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "सोडला." मगच कापणाऱ्याने बटण दाबायचं. बावीस वर्षं मी दादाच्या डावीकडं उभी राहून दिवसातून दोनशे वेळा सोडला सोडला करत आले. तरी दादा नुसत्या आवाजावर कधी विसंबला नाही. माझं सोडला झालं की डोळ्याच्या कोपऱ्यातून डावीकडं एक नजर टाकणार आणि मग अंगठा. मी चिडायचे.

"माझ्यावर भरवसा नाही का रे तुझा?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या हातावर नाही. तो कुठं तुझं ऐकतो?"

आणि एके दिवशी सकाळी मी गड्डी सरकवली, सोडला म्हटलं, आणि दादा समोर बघत म्हणाला, "अगं, गड्डी दे ना."

गड्डी त्याच्या पुढ्यातच होती. डाव्या अंगाला. मी म्हटलं, सकाळी सकाळी चेष्टा नको. तो परत म्हणाला, "दे की लवकर." मग मी त्याचं तोंड बघितलं, ते चेष्टेचं नव्हतं. त्याचा अंगठा बटणावर होता. मी त्याचा हातच धरला.

दवाखान्यात कळलं की मेंदूला झटका आलाय. हात शाबूत, पाय शाबूत, बोलणं शाबूत. सगळे म्हणाले थोडक्यात सुटला. पण डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की डोळे चांगले आहेत, पण डोक्याच्या मागच्या भागात, उजवीकडं, जिथं चित्र तयार होतं, तिथलं रक्त थांबलं होतं. त्यामुळं दोन्ही डोळ्यांना डावी बाजू दिसत नाही. नुसता डावा डोळा गेला असता तर उजव्याने भागवलं असतं. हे तसं नव्हतं. जगाचीच डावी बाजू गेली.

मी दादाला विचारलं, तिथं काळं दिसतं का? तर म्हणाला, "तुझ्या पाठीमागं तुला काळं दिसतं का? काहीच नाही ना दिसत? तसं."

दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून आपटून निळा झाला. पेपर वाचायचा तर ओळ मधूनच सुरू करायचा आणि म्हणायचा, हल्ली काय वाट्टेल ते लिहितात. मी डावीकडून आले की दचकायचा, "अगं, भुतासारखी काय उगवतेस!" मी म्हणायचे, भूत पगार आणतं का घरात? हसायचो दोघं. पण चौथ्या महिन्यात त्याने हसायचं सोडलं, कारण मालक घरी येऊन गेले.

मालक माणूस वाईट नाही. तेवढे महिने त्यांनी बदली माणसावर काढले. पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "काटकोन, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला वह्यांची मोठी ऑर्डर सुरू होतेय. तोपर्यंत तू आलास तर मशीन तुझं. नाहीतर मला कायमचा माणूस घ्यावा लागेल. तू ये की, पुठ्ठे चिकटवायला ये. पगाराचं बघू आपण."

दादाने दोन दिवस पेपर उघडला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीला म्हणाला, "पुठ्ठे चिकटवायला मी नाही जाणार. माझ्या मशीनवर दुसऱ्याने कापलेलं मी बघत बसू?"

आता करंटचं सांगते.

दवाखान्यात अशा माणसांवर एक अभ्यास चालू होता. तो करणाऱ्या बाई तरुण होत्या, आम्हाला पोरीसारख्या. डोक्याला दोन ओले स्पंज लावायच्या म्हणून आम्ही त्यांना घरी स्पंजबाई म्हणायचो, तेच नाव पडलं. त्यांनी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं. "हा करंट अगदी हलका असतो, साध्या बॅटरीवर चालतो. ह्याने गेलेलं परत येतं असं मी म्हणणार नाही. काहींना थोडा फरक पडलाय, काहींना नाही. करंट मेंदूला नुसता शिकायला तयार करतो, असं आम्हाला वाटतं. शिकायचं काकांनीच."

मग कागदावरचे प्रश्न. कधी फिट आली होती का? नाही. डोक्यात काही धातूचं बसवलंय का?

दादा म्हणाला, "जागा भरपूर होती. कुणी बसवलं नाही."

वहिनी नाही हसली. तिने माझं मनगट असं धरलं होतं की बोटांचे वळ उठले. दादाच्या कपाळाभोवती रबरी पट्टा, एक स्पंज मागे, एक वर, मिठाच्या पाण्याचे ओघळ मानेवरून शर्टात. स्पंजबाईंनी बटण फिरवलं. दादाने डोळे मिटले. वहिनी पुटपुटली, "काय होतंय? सांगा ना, काय होतंय?"

"मुंग्या चावतायत. तू गप्प बस, त्या बिचकतील."

बास. करंट म्हणजे एवढंच. वीस मिनिटं. कातडी जरा लाल व्हायची ती घरी जाईपर्यंत जायची. ज्यांना वाटतं की त्याला झटके देत होते त्यांनी हे वाचावं. त्या वीस मिनिटांत हनुवटी एका टेकूवर ठेवायची, पडद्यावरच्या एका ठिपक्याकडं टक लावायची, आणि डावीकडं, जिथं त्याचं दिसणं संपायचं त्या काठावर, बारीक बारीक ठिपके सरकायचे. वर की खाली, ते सांगायचं. दिसलं नाही तरी अंदाजे सांगायचं. दादा म्हणायचा, दिसतच नाही तर सांगू काय? बाई म्हणायच्या, तरी सांगा. घामाघूम होऊन उठायचा. दिवसभर मशीनवर उभा राहून एवढा दमायचा नाही.

आणि घरी करायला एक अभ्यास दिला. चाळीस पत्ते. दादाने समोरच्या भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडं बघायचं, नजर हलवायची नाही. मी त्याच्या डावीकडं बसून टेबलावर एकेक पत्ता ठेवायचा. त्याला दिसला की म्हणायचं "आला." मी वहीत खूण करायची. न दिसलेल्याला फुली.

पहिल्या दिवशी चाळीसातले अकरा. चौथ्या दिवशी वीस. दहाव्या दिवशी छत्तीस. छत्तीस! वहिनीने डोळ्याला पदर लावला. दादा म्हणाला, "धुरासारखं येतं काहीतरी, पण येतं." मी वही छातीशी धरून मालकांकडं गेले आणि सांगितलं, एक तारखेला काटकोन येतोय. मालकांनी बदली माणसाला माझ्यासमोरच सांगून टाकलं, एक तारखेपासून नको येऊस.

एक तारखेला नऊ दिवस राहिले होते तेव्हा दवाखान्यात दादाची मोठी तपासणी झाली. पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, आत कुठंकुठं बारीक दिवा लागतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मग कागदावर नकाशा छापून येतो, दिसतं तिथं पांढरं, नाही तिथं काळं. नकाशा आला. डावी बाजू सगळी काळी. पहिल्या दिवशीसारखीच.

स्पंजबाई एकदा नकाशा बघायच्या, एकदा माझी वही बघायच्या.

"घरी छत्तीस येतात?"

"हो. काल सदतीस."

"मला करून दाखवा बरं. घरी बसता तसंच बसा."

आम्ही बसलो. दादाने भिंतीकडं नजर लावली. मी पत्ता काढला, ठेवला. "आला." दुसरा. "आला." तिसरा. "आला." मला तर बाईंचा राग यायला लागला होता, दिसतंय ना आता, अजून काय पाहिजे? तेवढ्यात बाईंनी माझा हात धरला. माझ्या हातातला पत्ता घेतला, अलगद टेबलावर ठेवला. दादा गप्प. अजून एक ठेवला. गप्प. पाच पत्ते ठेवले. दादा भिंतीकडं बघत म्हणाला, "ठेव ना गं, थांबलीस कशाला?"

मग बाईंनी एकही पत्ता न ठेवता टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं.

"आला," दादा म्हणाला.

मी माझ्या हाताकडं बघितलं. मी पत्ता ठेवण्याआधी तो टेबलावर दोनदा ठोकत होते. प्रत्येक पत्ता. बावीस वर्षं हातात आलेला प्रत्येक कागद ठोकून ठेवलाय, हाताला सवय, मला माहीतसुद्धा नव्हतं. आणि दादाच्या कानाला बावीस वर्षं तेच माहीत, दोनदा ठोकलं की डावीकडून गड्डी आली.

"तुम्ही मुद्दाम नाही केलं," बाई म्हणाल्या. "काकांनीही नाही. त्यांना खरंच वाटत होतं की दिसतंय."

दादा उठला. चप्पल घालताना डावी चप्पल सापडेना, मी पुढं केली तर माझा हात झटकला.

घरी वहिनीने मला उभं आडवं घेतलं. "वन्सं, मालकांना सांगायला कोण धावलं होतं? वही नाचवत? बदली माणसाला काढलं त्यांनी! आता हे मशीनवर उभे राहिले आणि हात गेला तर तुम्ही देणार आहात का तुमचा?"

"दिला असता तर बसला असता का वहिनी?" मी म्हटलं. मलाही कळेना मी काय बोलतेय.

आतून दादा ओरडला, "दोघी गप्प बसा! अजून नऊ दिवस आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मी टेबलावर जुनी चादर चौघडी करून घातली. बांगड्या काढून ठेवल्या. पत्ता फुलासारखा ठेवायचा. पहिल्या दिवशी चाळीसातले किती? शून्य. चाळीस फुल्या. वहीचं पान बघवेना. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी पंधराव्या पत्त्याला दादा उठून उभा राहिला आणि किंचाळला, "ठोकत का नाहीस? ठोक ना एकदा! एकदा ठोकलंस तर काय मरशील?"

एकावन्न वर्षांचा माणूस. माझा दादा, जो माझ्यावर असा कधी किंचाळला नव्हता. मी खाली मान घालून पुढचा पत्ता ठेवला. ठोकला नाही. तो बसला. आम्ही चाळीस पुरे केले.

रोज सकाळी दवाखाना, स्पंज, ठिपके. संध्याकाळी चादर, पत्ते. पाचव्या दिवशी तीन आले. सातव्या दिवशी पाच. हे पाच मी कुणाला सांगितले नाहीत. त्याच संध्याकाळी मी ठेवताना एक पत्ता हातातून निसटला आणि घसरत गेला, आणि दादा म्हणाला, "हा, हा हलला!" खरंच दिसला होता त्याला. चादरीवर पडलेल्या पत्त्याचा आवाज होत नाही.

आठव्या दिवशी सकाळी स्पंजबाईंनी परत वाडग्याची तपासणी घेतली. ह्या वेळी काळ्या भागाला मधल्या रेघेजवळ राखाडी पट्टी आली होती. हात लांब करून दोन बोटं धरली तर जेवढी जागा झाकते, तेवढी. बाईंचा चेहरा उजळला. "हे खरं आहे काका. थोडं आहे पण खरं आहे. आधी हलणारी वस्तू कळते, स्थिर असलेली मागाहून, कधी कधी नाहीच."

दादाने लगेच विचारलं, "मग पत्र देता? मशीन चालवायला हरकत नाही असं?"

"नाही. ह्या पट्टीवर पात्याच्या मशीनचं पत्र मी देऊ शकत नाही. आणखी वेळ द्या."

वेळ कुठून आणायचा? उद्या एक तारीख. मी मालकांना फोन करून सगळं खरं सांगितलं, ठोकण्याचं सुद्धा. मला वाटलं ते म्हणतील नको येऊ दे त्याला. पण त्यांचा बदली माणूस दुसरीकडं लागला होता, गोदामात कागद येऊन पडला होता. ते म्हणाले, "पत्र कुणी मागितलंय? डावीकडं तू आहेस ना, ताई. तू सोडला म्हटलंस की त्याने दाबायचं. इतकी वर्षं तसंच तर चालू होतं."

दादा बाजूलाच होता. फोनमधलं सगळं त्याने ऐकलं. म्हणाला, "बरोबर बोलले मालक. तू आहेस ना."

आणि त्या वाक्याला मी फोन बंद केला. कारण चालू होतं ते तसं नव्हतंच. तो बघायचा. दर वेळी, आवाजानंतर, कोपऱ्यातून बघायचा. आता तो नुसता ऐकणार होता, आणि ऐकलं की त्याला वाटणार होतं आपण बघितलं. पत्त्यांच्या वेळी जे झालं तेच. फक्त इथं खाली चादर नाही, वर पातं आहे. मी खोकले, मी शिंकले, एखादी गड्डी तिरकी गेली म्हणून सवयीने पुन्हा हात घातला, दिवसातून दोनशे वेळांत एकदा माझी जीभ हाताच्या आधी सुटली, तर? आणि माझं सोडा. त्याचा स्वतःचा डावा हात त्याच बाजूला असतो, गड्डी दाबून धरायला.

मी म्हटलं, दादा, नको. वहिनी म्हणाली, नको. तो म्हणाला, "तुम्ही दोघींनी मला कायमचं आंधळं ठरवलंय." कपडे इस्त्रीला देऊन आला.

एक तारखेला सकाळी तो मशीनपुढं उभा राहिला. सगळं खातं हातातलं काम टाकून बघत होतं. मालक स्वतः खाली आले, त्याच्या खांद्यावर थाप मारली, डाव्या, तर तो दचकला, मग हसला. टेबलावरून हात फिरवला. मोजपट्टी लावली. पहिल्या चार गड्ड्या अशा कापल्या की कडेवर पाणी ठेवलं असतं तर सांडलं नसतं. सोडला, घर्रर्र, खाड. सोडला, घर्रर्र, खाड. कुणीतरी मागून ओरडलं, "आला रे काटकोन!" आणि मी बघत होते. माझं सोडला झालं की अंगठा लगेच जात होता. मध्ये नजर नव्हती. मान समोर, अंगठा, खाड.

आता मी जे केलं ते शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही. कुणी करू नये. सहाव्या गड्डीला मी ती सरकवली, माझा डावा हात तिच्यावरच पसरून ठेवला, पात्याच्या रेघेवर, आणि म्हटलं, "सोडला."

तो बघतो का ते बघायचं आणि लगेच ओढून घ्यायचा असं ठरवलं होतं. पण हात निघेना. म्हणजे मला निघता येईना. मी त्याच्या अंगठ्याकडं बघत होते. तो बटणाकडं गेला. टेकला. मला आमच्या जुन्या कटिंगवाल्याचा कप दिसायला लागला. मला ओरडायचं होतं आणि तोंडातून हवासुद्धा येत नव्हती.

अंगठा थांबला.

दादा तसाच उभा. मग हळूहळू, मान वळवता वळवता, डावीकडं बघितलं. माझा हात बघितला. माझं तोंड बघितलं. त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

उजव्या हाताने त्याने भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. मशीनची घरघर थांबली तेव्हा खात्यात किती शांतता असू शकते ते कळलं.

"दिसला ना?" मी म्हटलं. "दादा, दिसला ना तुला?"

"दिसला."

"मग?"

"उशिरा दिसला. अंगठा निघाला होता माझा." त्याचा आवाज फाटला होता. "आणि तुझा हात थरथरत होता म्हणून दिसला. स्थिर असता तर नसता दिसला गं."

मालक धावत आले, काय झालं, काय झालं? दादा म्हणाला, "मालक, मी नाही चालवणार. माणूस बघा. आणि तो येईपर्यंत ही तार कापून टाका, दोन्ही बटणं चालू करा. तोपर्यंत कुणाला उभं करू नका. मी इथंच बसून आहे." आणि खरंच, मेन स्विचखाली स्टूल टाकून बसला. मेकॅनिक येऊन तार काढेपर्यंत, दुपारी तीनपर्यंत, जेवायलासुद्धा उठला नाही. मालकांनी डावीकडं येऊन दोनदा समजावलं. तो म्हणाला, "मला डावीकडचं ऐकू येत नाही." सगळे हसले. तो नाही हसला.

माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. बाराव्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "परत असलं काही केलंस तर मीच बटण दाबेन." मी म्हटलं, बरं.

पुठ्ठे चिकटवायला काही गेला नाही. पण महिन्याभराने नव्या कटिंगवाल्याला शिकवायला जायला लागला. आठवड्यातून तीन दिवस, त्याच्या डावीकडं, माझ्या पलीकडं स्टूल टाकून. नव्या पोराला पहिलं वाक्य काय शिकवलं असेल तर, तिचा आवाज ऐकलास ना, आता बघ. त्या पोराची दहाही बोटं आहेत.

आणि दवाखान्यात जायचं त्याने सोडलं नाही. तुमच्यातले काही म्हणतात आम्ही त्याच्यावर बळजबरी केली. स्पंजबाईंनी स्वतः विचारलं होतं, काका, मशीन तर सोडलं, आता कशासाठी? तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ही डावीकडं बसते. भांडताना हिचं तोंड दिसत नाही. आवाजावरून मजा येत नाही." दुसरी फेरी पूर्ण केली. राखाडी पट्टी आणखी बोटभर सरकली, मग थांबली. बाई म्हणाल्या, बहुतेक आता इथंच थांबेल. दादा म्हणाला, ठीक आहे. ओळीची सुरुवात सापडायला लागली होती त्याला. पेपर पहिल्यापासून वाचायचा, आणि तरी म्हणायचा की वाट्टेल ते लिहितात.

शेवटचा स्पंज लागला त्याला पाच महिने झाले होते. गेला तो छातीने. दुपारी जेवून आडवा झाला होता, वहिनीला म्हणाला छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, आणि गाडी येईपर्यंत संपलं. डॉक्टरांना मी विचारलं, दोनदा विचारलं, डोक्याच्या त्या करंटने का? ते म्हणाले, नाही. झटका ज्या कारणाने आला होता त्याच कारणाने हृदय बंद पडलं. रक्ताच्या नळ्याच खराब होत्या. त्यावरची गोळी तो विसरायचा, ते मात्र आमचं चुकलं. त्याच्याबद्दल बोला काय बोलायचं ते.

तेव्हा आता वहिनीला विचारू नका. ज्याला विचारायचं त्याने मला विचारा. सोमवारपासून मी कामावर आहे, संध्याकाळी सहानंतर घरी असते.